हिमनद्यांचा जुना हिशेब

विमानांनी आणि हेर उपग्रहांनी भलत्याच कामासाठी टिपलेली जुनी छायाचित्रे आज हिमनद्यांची तब्येत सांगत आहेत. त्यांतली कितीतरी अजून डब्यांतच पडून आहेत.

३ एप्रिल १९३३ ची सकाळ. बिहारमधील पूर्णियाजवळच्या लालबालू धावपट्टीवरून दोन दुपंखी विमाने उत्तरेकडे झेपावली. एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडून जाणारी ही पहिलीच विमाने. वैमानिकांची बैठक उघडी, अंगात विजेवर गरम राहणारे कपडे आणि तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. एका विमानात चित्रीकरण करणाऱ्या एस. आर. बॉनेट यांच्या ऑक्सिजनच्या नळीला वर असतानाच चीर पडली. त्यांनी तिच्यावर रुमाल गुंडाळला आणि ते तिथेच बेशुद्ध पडले. विमान खाली येऊ लागले तेव्हा कुठे त्यांना शुद्ध आली.

लेडी ह्यूस्टन या धनाढ्य ब्रिटिश महिलेने या मोहिमेचा खर्च उचलला होता. एव्हरेस्टच्या परिसराची नकाशासाठी छायाचित्रे घेणे हे मोहिमेचे काम. मैदानावरून वर चढलेल्या धुळीच्या धुरकटामुळे पहिल्या दिवशी ते नीट जमले नाही, म्हणून १९ एप्रिलला पुन्हा उड्डाण झाले. पुढे ही छायाचित्रे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात जाऊन पडली. १९५१ मध्ये मायकेल वॉर्ड हे तरुण डॉक्टर आणि गिर्यारोहक तो संग्रह चाळत होते. १९३३ ची ही छायाचित्रे, तसेच १९४५ आणि १९४७ मध्ये विमानांतून गुपचूप काढलेली आणखी काही छायाचित्रे त्यांच्या हाती लागली. त्यांत नेपाळच्या बाजूने शिखराकडे जाणारी एक शक्य वाट दिसत होती. दोनच वर्षांनी तेनसिंग आणि हिलरी त्या बाजूने माथ्यावर पोहोचले.

फोटो काढला एका कामासाठी, तो उपयोगी पडला दुसऱ्याच कामाला, आणि तोही बऱ्याच वर्षांनी. दुर्गम पर्वतांच्या हवाई छायाचित्रांच्या बाबतीत हे वारंवार घडले आहे. त्यांचा आजचा सर्वांत मोठा उपयोग तर ती काढणाऱ्यांच्या मनातही नव्हता. हिमनद्यांमधला किती बर्फ गेला, हे मोजण्यासाठी आज ती वापरली जातात.

दार काढलेले विमान

या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांचे. १९१० मध्ये जन्मलेले वॉशबर्न अमेरिकेतील बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयाचे चार दशके संचालक होते. सुट्टी मिळाली की ते अलास्का गाठत. छोट्या विमानाचे दार काढून टाकायचे, स्वतःला दोराने विमानाशी बांधून घ्यायचे आणि सुमारे २४ किलो वजनाचा फेअरचाइल्ड कॅमेरा दारातून बाहेर रोखायचा, अशी त्यांची पद्धत होती. बाहेर हाडे गोठवणारा वारा, आत इंजिनाची थरथर. त्यातून मोठ्या आकाराच्या फिल्मवर निघालेली त्यांची कृष्णधवल छायाचित्रे इतकी सुस्पष्ट आहेत की, बर्फातली एकेक भेग मोजता येते.

वॉशबर्न यांना हवे होते दोन गोष्टींसाठी: नकाशे आणि चढाईच्या वाटा. उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च शिखर असलेल्या डेनालीची (त्या काळचे नाव मॅकिन्ली) छायाचित्रे न्याहाळताना त्यांना पश्चिमेकडच्या धारेवरून एक सोपी वाट दिसली. १९५१ मध्ये ते स्वतः त्या वाटेने शिखरावर गेले. आज डेनालीवर जाणारे बहुतेक गिर्यारोहक तीच वाट धरतात. त्यांच्या पत्नी बार्बरा १९४७ मध्येच या शिखरावर पोहोचल्या होत्या; तिथे पाऊल ठेवणारी ती पहिली महिला.

या छायाचित्रांत शिखरांबरोबर हिमनद्याही आपोआप आल्या. काही दशकांनी डेव्हिड अर्नॉल्ड या पत्रकाराने वॉशबर्न यांच्या जागांवरून तीच दृश्ये पुन्हा टिपली. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवल्यावर अनेक ठिकाणी जिथे बर्फाची रुंद जीभ होती, तिथे पाणी, दगडगोटे किंवा झुडपे दिसू लागली.

बर्फाचे जमाखर्च

वॉशबर्न यांची नजर शिखरांवर होती. ऑस्टिन पोस्ट यांनी मात्र हिमनद्यांचीच छायाचित्रे काढायची, तीही पुन्हा पुन्हा, असे ठरवले. महाविद्यालयाची पदवी नसलेले पोस्ट १९६० च्या दशकात अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागात आले आणि अलास्कापासून वॉशिंग्टन राज्यापर्यंतच्या हिमनद्यांवरून विमानाने फिरू लागले. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या संग्रहात सुमारे एक लाख छायाचित्रे जमा झाली.

त्यांची उड्डाणे शक्यतो उन्हाळा संपता संपता होत. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हिवाळ्यात हिमनदीवर नवे हिम साचते, ही तिची जमा. उन्हाळ्यात खालच्या भागातले हिम आणि बर्फ वितळतो, हा तिचा खर्च. उन्हाळा संपताना हिमनदीवर एक रेषा स्पष्ट दिसते: वर पांढरे, टिकून राहिलेले हिम आणि खाली उघडा पडलेला करडा-निळा जुना बर्फ. ही रेषा डोंगरावर जितकी वर सरकलेली, तितका त्या वर्षीचा तोटा मोठा. एका उड्डाणात शेकडो हिमनद्यांच्या खातेवहीतली ही एक ओळ वाचता येते. पायी फिरून हे काम करायचे तर आयुष्य पुरले नसते.

पोस्ट यांच्या छायाचित्रांनी एक जुनी समजूतही मोडीत काढली. काही हिमनद्या वर्षानुवर्षे शांत असतात आणि मग अचानक काही महिन्यांत कित्येक किलोमीटर पुढे सरकतात. १८९९ च्या अलास्कातील भूकंपांनंतर असा तर्क मांडला गेला होता की, भूकंपाने कोसळलेल्या हिमकड्यांचा भार पडल्यामुळे हिमनद्या अशा उसळतात. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. पोस्ट यांनी विमानातून पाहणी केली. हिमनद्यांवर दरडी कोसळलेल्या होत्या, पण त्यामुळे एखादी हिमनदी उसळल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढे १९६९ मध्ये त्यांनी अशा उसळणाऱ्या २०४ हिमनद्यांची नोंद प्रसिद्ध केली.

कोलंबिया हिमनदीची गोष्ट तर थेट माणसांच्या पोटापाण्याशी भिडते. समुद्रात उतरणाऱ्या या अलास्कातील हिमनदीचे तोंड बराच काळ जागेवर होते. जवळच्याच व्हाल्डीझ बंदरातून १९७७ पासून तेलवाहू जहाजे ये-जा करू लागली. छायाचित्रे आणि मोजमापांच्या आधारे पोस्ट आणि मार्क मायर यांच्या गटाने इशारा दिला की, ही हिमनदी काही वर्षांतच वेगाने मागे हटेल आणि मोठ्या प्रमाणावर हिमनग समुद्रात सोडेल. १९८० च्या सुमारास तसेच सुरू झाले. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डीझ हे तेलवाहू जहाज वाटेतले हिमनग टाळण्यासाठी नेहमीचा जलमार्ग सोडून गेले आणि खडकावर आदळले. सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात पसरले. जहाजावरच्या माणसांच्या चुका होत्याच, पण वाटेत बर्फ कुठून आला, याचे उत्तर पोस्ट यांच्या फोटोंत होते. ती हिमनदी तेव्हापासून २० किलोमीटरहून अधिक मागे गेली आहे.

फोटोवरून उंची कशी कळते?

हिमनदी मागे सरकली हे साध्या डोळ्यांनाही दिसते. पण ती किती पातळ झाली, हे सपाट फोटोवरून कसे कळणार? एक डोळा मिटून अंगठा समोर धरा. आता तो डोळा उघडून दुसरा मिटा. अंगठा मागच्या भिंतीच्या तुलनेत बाजूला सरकल्यासारखा दिसतो. वस्तू जितकी जवळ, तितकी ती जास्त सरकते. या फरकावरूनच आपला मेंदू अंतराचा अंदाज बांधतो.

विमानही हेच करते. ठरावीक अंतराने फोटो काढत जायचे आणि लागोपाठच्या दोन फोटोंत निम्म्याहून अधिक भाग सामाईक येईल असे पाहायचे. दोन फोटो म्हणजे एकाच भूभागाकडे पाहणारे दोन डोळे. उंच जागा कॅमेऱ्याला जवळ असल्याने जास्त सरकते, खोलगट जागा कमी. या शास्त्राला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. पूर्वी निष्णात माणसे खास यंत्रांवर बसून एकेक रेघ काढत. आता संगणक दोन फोटोंतले हजारो सामाईक बिंदू स्वतःच जुळवतो आणि डोंगराचा त्रिमितीय आराखडा तयार करतो.

१९३६ चा आणि आजचा असे दोन आराखडे एकमेकांवर ठेवले की, बर्फाची पातळी कुठे किती उतरली ते कळते. मात्र दोन्ही नीट बसवण्यासाठी न हलणारी खूण लागते आणि ती बर्फावर मिळत नाही. म्हणून आजूबाजूचे उघडे खडक आणि कडे आधाराला घेतले जातात. खडक दोन्ही आराखड्यांत जुळले पाहिजेत. मग उरलेला फरक बर्फाचा. त्या बर्फाचे पाण्यात रूपांतर करताना शास्त्रज्ञ साधारणपणे घनमीटरला ८५० किलो असे वजन धरतात. म्हणजे एक चौरस मीटरवरची बर्फाची पातळी एक मीटरने उतरली, तर तिथून सुमारे ८५० लिटर पाणी गेले.

या तंत्रामुळे विसरलेल्या संग्रहांना अचानक मोल आले. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने १९३६ आणि १९३८ च्या उन्हाळ्यात स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहावरून विमानाने फिरून नकाशांसाठी छायाचित्रे घेतली होती. त्यांतल्या ५,५०७ छायाचित्रांवरून एमिली गेमन आणि सहकाऱ्यांनी १,५९४ हिमनद्यांचा त्या काळचा त्रिमितीय आराखडा उभा केला. हे संशोधन २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. १९३६ ते २०१० या काळात तिथला बर्फ दर वर्षी सरासरी ३५ सेंटिमीटरने पातळ झाला होता. तुलनेने उबदार आणि थंड भागांतल्या हिमनद्यांची तुलना करून संशोधकांनी अंदाज बांधला की, या शतकात हा वेग दुपटीहून अधिक होईल.

त्याआधी २०१२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी नुड रासमुसेन यांच्या १९३२-३३ च्या मोहिमेतील विस्मरणात गेलेली हवाई छायाचित्रे वापरून आग्नेय ग्रीनलंडमधील १३२ हिमनद्या तपासल्या. १९३० च्या उबदार दशकातही तिथल्या हिमनद्या वेगाने मागे हटत होत्या, असे त्यात दिसले. मात्र तेव्हा जमिनीवर संपणाऱ्या हिमनद्या अधिक वेगाने आक्रसल्या होत्या, तर २००० नंतर समुद्रात उतरणाऱ्या. उपग्रहांच्या अलीकडच्या नोंदींवरून हे कधीच कळले नसते.

हिमालयावरची हेरगिरी

हिमालयात असे संग्रह फार कमी. सीमाभाग, अवघड हवामान आणि प्रचंड उंची यांमुळे विमानातून नियमित छायाचित्रण झालेच नाही. ती उणीव काही अंशी भरून काढली ती शीतयुद्धाने.

अमेरिकेने १९६० पासून ‘कोरोना’ आणि १९७१ पासून ‘हेक्सागन’ हे हेर उपग्रह सोडले. तेव्हा डिजिटल कॅमेरे नव्हते. उपग्रह फिल्मवर फोटो काढत आणि भरलेली फिल्म कुपीत घालून पृथ्वीकडे सोडत. पॅराशूटने उतरणारी ती कुपी पॅसिफिक महासागरावर घिरट्या घालणारे विमान हवेतल्या हवेत आकड्याने पकडे. लक्ष्य होते क्षेपणास्त्रांचे तळ आणि विमानतळ. वाटेत हिमालयही टिपला गेला. कोरोनाची छायाचित्रे १९९५ मध्ये आणि हेक्सागनच्या नकाशा-कॅमेऱ्याची २००२ मध्ये खुली झाली.

जोशुआ मॉरर आणि सहकाऱ्यांनी हेक्सागनच्या या फिल्मवरून हिमालयाच्या सुमारे २,००० किलोमीटर पट्ट्यातील ६५० हिमनद्यांचे १९७० च्या दशकातले आराखडे तयार केले आणि ते आजच्या आराखड्यांशी ताडून पाहिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चिंताजनक होता. २००० ते २०१६ या काळात बर्फ जाण्याचा वेग १९७५ ते २००० च्या तुलनेत दुप्पट झाला होता. १९७५ मध्ये जेवढा बर्फ होता, त्यातला सुमारे ८७ टक्के २००० मध्ये शिल्लक होता. २०१६ मध्ये तो ७२ टक्क्यांवर आला.

वॉशबर्न यांचा धागाही इथे पुन्हा येऊन मिळतो. १९८४ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी जेट विमानातून एव्हरेस्ट परिसराची हवाई छायाचित्रे घेण्याची मोहीम आखली. त्यावरून बनलेला नकाशा १९८८ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने प्रसिद्ध केला. पुढे २०२० मध्ये एव्हरेस्टभोवतीच्या ७९ हिमनद्यांचा सहा दशकांचा हिशेब मांडताना हेर उपग्रहांच्या फिल्मबरोबर १९८४ ची ही छायाचित्रेही कामी आली. १९६० च्या दशकापासून काही ठिकाणी बर्फ १०० मीटरहून अधिक पातळ झाल्याचे त्यातून समोर आले.

शंभर मीटर म्हणजे तीस मजली इमारतीएवढी उंची. तरीही यातल्या काही हिमनद्यांचे तोंड फारसे मागे गेलेले नाही. हिमालयातल्या अनेक हिमनद्यांच्या खालच्या भागावर दगडमातीचा जाड थर असतो. तो उन्हाला अडवतो, त्यामुळे तोंड जागेवर राहते आणि हिमनदी वरून खचत जाते. केवळ लांबी मोजली तर ‘सारे ठीक आहे’ असे वाटेल. उंची मोजली तरच तोटा कळतो. २०१३ मध्ये नेपाळच्या लिरुंग हिमनदीवर संशोधकांनी ड्रोन उडवला, तेव्हा आणखी एक बारकावा दिसला. दगडांखालचा बर्फ सगळीकडे सारखा वितळत नाही; मधले उघडे बर्फकडे आणि छोटी तळी हीच वितळण्याची खरी ठिकाणे असतात.

फसवा पांढरा रंग

जुना फोटो हा पुरावा असला, तरी तो वाचण्यात चूक होऊ शकते. भारतात याचे उदाहरण आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे हिमालयाचे बरेच नकाशे १९६२ च्या हवाई छायाचित्रांवरून तयार झालेले आहेत. अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या नकाशांची उपग्रहचित्रांशी तुलना केली. चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतील ४६६ हिमनद्यांचे क्षेत्र २,०७७ चौरस किलोमीटरवरून १,६२८ चौरस किलोमीटरवर आल्याचे, म्हणजे २१ टक्के घट झाल्याचे त्यांना आढळले. भारतीय हिमनद्यांच्या अभ्यासातला हा महत्त्वाचा टप्पा होता. मात्र नंतरच्या काही अभ्यासकांनी कोरोनाची छायाचित्रे समोर ठेवून दाखवले की, जुन्या नकाशांत काही ठिकाणी मोसमी हिमालाच हिमनदी समजून रेघ आखली गेली होती. अशा ठिकाणी घट प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते.

हिमनद्या आक्रसत आहेत, याबद्दल या वादात दुमत नाही. प्रश्न आहे तो किती, याचा. आणि तो सोडवण्यासाठी नकाशावरची रेघ पुरत नाही. ती रेघ ज्या फोटोवरून काढली, तो मूळ फोटो पुन्हा पाहता आला पाहिजे.

हा आकड्यांचा वाद अभ्यासकांपुरता नाही, हे सिक्कीमने दाखवून दिले. दक्षिण ल्होनाक हिमनदी १९६२ ते २००८ या काळात सुमारे १.९ किलोमीटर मागे गेल्याचे कोरोनाच्या छायाचित्रांच्या मदतीने आधीच कळले होते. तिने मोकळ्या केलेल्या जागेत सरोवर वाढत होते आणि ते धोक्याचे आहे, असे संशोधकांनी लिहूनही ठेवले होते. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ते फुटले. इस्रोच्या उपग्रहचित्रांनुसार २८ सप्टेंबरला १६७.४ हेक्टर असलेले सरोवर ४ ऑक्टोबरला ६०.३ हेक्टर उरले होते. तिस्तेच्या पुराने चुंगथांगचे धरण वाहून गेले आणि अनेकांचे प्राण गेले. फोटोंनी वेळीच सांगितले होते. ऐकून खाली पूर्वसूचनेची यंत्रणा उभी करायला उशीर झाला.

डब्यातला ठेवा

आज उपग्रह रोज हिमालय टिपतात. मग जुन्या फिल्मची काळजी कशाला? कारण आजचा फोटो उद्याही काढता येईल. १९६२ चा फोटो पुन्हा काढता येणार नाही. तुलनेसाठी पहिले टोक लागतेच.

शिवाय फिल्मलाही वय असते. विसाव्या शतकातील पुष्कळशी फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची आहे. उष्ण, दमट जागेत ती हळूहळू विघटित होते आणि तिच्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला की, समजावे विघटन सुरू झाले. मग फिल्म आकसते, वेडीवाकडी होते. साध्या फोटोला हे चालून जाईल. पण ज्यावरून मीटर-सेंटिमीटर मोजायचे, त्या फिल्मचा आकार बदलला तर मोजमापच बिघडते. त्यामुळे थंड, कोरड्या जागेत साठवण आणि उच्च दर्जाचे स्कॅनिंग, हे दोन्ही वेळेत व्हावे लागते.

सीमाभागातल्या हवाई छायाचित्रांवर आपल्याकडे दीर्घकाळ सुरक्षेच्या कारणाने निर्बंध राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीविषयीचे नियम बरेच सैल केले. साठ वर्षांपूर्वीच्या हिमनदीच्या फोटोत आज कोणते गुपित उरले आहे, हा प्रश्न त्या निमित्ताने विचारायला हरकत नाही. ज्यांची हेरगिरीची छायाचित्रे होती, त्यांनी ती खुली केली आणि आपल्या हिमालयाचा हिशेब जगाला त्यातून मिळाला. आपल्याच विमानांनी टिपलेल्या छायाचित्रांतून तो अधिक बारकाईने मांडता येईल.

दरवर्षी महाराष्ट्रातून हजारो लोक चारधामला आणि हिमालयातल्या ट्रेकना जातात. अनेक घरांतल्या जुन्या अल्बममध्ये गोमुखचा, पिंडारीचा एखादा फोटो असतो. त्यामागे तारीख आणि जागा लिहिलेली असेल, मागे एखादा ओळखता येणारा कडा असेल, तर तोही छोटासा पुरावा आहे. पुढच्या वेळी जाताना तो सोबत न्यावा, त्याच जागी उभे राहून त्याच दिशेने नवा फोटो घ्यावा आणि त्यावर तारीख, जागा व दिशा लिहून ठेवावी. चाळीस वर्षांनी तो कोणाच्या कामी येईल, हे आज सांगता येत नाही; वॉशबर्न यांनाही ते सांगता आले नसते.